औषधनिर्मात्याचा धंदा व त्याची जबाबदारी



ज्युबिलीच्या या महोत्सवांत तरुणांच्या पुढील शिक्षणासंबंधानें दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा आम्हांस झाली आहे. कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गांवीं, बारावीस विज्ञान घेतलेल्या मुलामुलींच्या घरीं जो प्रश्न वारंवार निघतो, तोच आम्हीं आज निवडला आहे. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घ्यावी काय, आणि घेतल्यास पुढें काय करावें?

प्रथम या विद्येचा थोडा इतिहास. गोव्यांत १८४२ सालीं वैद्यकविद्यालय स्थापन झालें व त्याबरोबर औषधनिर्मितीचें शिक्षणही सुरू झालें. पण इतरत्र दीर्घकाळ औषध देणारा म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालीं पाहून पाहून शिकलेला कंपौंडर, असाच प्रघात होता. १९३० सालीं सरकारनें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं औषधांविषयीं चौकशी-समिति नेमिली. १९३२ सालीं महादेव लाल श्रॉफ यांनीं बनारसच्या हिंदु विश्वविद्यालयांत या शास्त्राचें अध्यापन सुरू केलें. १९४० सालीं औषधांचा कायदा झाला आणि ४ मार्च १९४८ रोजीं फार्मसी कायदा झाला. त्या दिवशीं आपलें कळमनुरी निजामाच्या राज्यांत होतें; तें राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपलें. सबब जो कायदा देशांत इतरांस आधीं लागू झाला, तो आपल्याकडे मागाहून आला. आतां मात्र तो आपलाही आहे.

या कायद्याचा गाभा त्याच्या ४२ व्या कलमांत आहे. डॉक्टर आपल्याच रोग्यास औषध देतो तें सोडून, चिठ्ठीवरचें औषध नोंदणी झालेल्या औषधनिर्मात्यावांचून अन्य कोणीं तयार करूं नये व देऊं नये. दिल्यास तो गुन्हा होय. ही नोंदणी मिळविण्यासाठींच सारा अभ्यास आहे. बारावीस भौतिक व रसायन हे विषय, आणि जीवशास्त्र किंवा गणित, असावें लागतें. पदविकेचा क्रम दोन वर्षांचा. त्यांत औषधें कशीं बनतात, शरीर कसें चालतें, औषध शरीरांत काय करितें, हें सर्व शिकावें लागतें. नंतर निदान तीन महिने, एकंदर ५०० तास, प्रत्यक्ष काम. ज्यांस आणखी शिकावयाचें आहे त्यांस पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो; पदवीचा क्रम चार वर्षांचा आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. पुष्कळ पालक आम्हांस विचारतात, "मुलाचें प्रमाणपत्र एखाद्या दुकानास दिलें, तर घरबसल्या काय मिळेल?" प्रश्न विचारणारे वाईट लोक नव्हेत. शेत कोरडवाहू, शिक्षणाचें कर्ज डोक्यावर, दुकानांतील पगार तुटपुंजा. अशा वेळीं नुसतें नांव भिंतीवर टांगून दरमहा पैसे येत असतील, तर त्यांत कोणाचें काय गेलें, असें वाटणें साहजिक आहे. परंतु कोणाचें काय जातें, तें पाहूं.

एक म्हातारी संधिवाताची चिठ्ठी घेऊन येते. त्यांत मेथोट्रेक्सेट नांवाची गोळी आहे. ती आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. रोज घेतली, तर जिवावर बेतते. जाणता औषधनिर्माता तिला वार नेमून देईल व शेजारच्या नातवालाही समजावील. दुसरा गृहस्थ तापासाठीं दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या आणतो. नांवें निराळीं, पण दोहोंत पॅरासिटेमॉलच. दोन्ही मिळून मात्रा फार झाली, तर यकृतास इजा होते. हें पोऱ्याला कळणार नाहीं. तो गठ्ठा बांधील व पैसे घेईल. अशा प्रसंगीं भिंतीवरचें प्रमाणपत्र बोलत नाहीं.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १९८६ सालीं ग्लिसरीन दिल्यानें १४ रोगी दगावले. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विष मिसळलेलें होतें. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. कारखान्यांतून निघालेलें औषध रोग्याच्या ओठांपर्यंत पोहोंचेतों अनेक हातांतून जातें. त्यांतला प्रत्येक हात जागा असावा लागतो. औषधनिर्मात्याचा हात त्यांत बहुतेक शेवटचा. तोच जाग्यावर नसेल, तर मागची चूक धरणार कोण?

म्हणून तरुणांनो, आमची सूचना अशी. पदविका हातीं पडतांच दुकान काढण्याची घाई करूं नये. दोन वर्षें एखाद्या चोख दुकानांत किंवा रुग्णालयांत काम करावें. प्राथमिक आरोग्य केंद्रांत व सरकारी रुग्णालयांत औषधनिर्माण अधिकाऱ्यांच्या जागा असतात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावें. मग भांडवल जमल्यास दुकानाचा विचार करावा. अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. जागा निदान १० चौरस मीटर हवी, आणि शीतकपाट हवें. इन्शुलीन २ ते ८ अंशांत राखावें लागतें; आपल्याकडील उन्हाळ्यांत वीज गेली कीं त्याची काळजी दुकानदारासच. कांहीं प्रतिजैविकें व क्षयाचीं औषधें यांच्या विक्रीची निराळी नोंदवही ठेवावी लागते. तींत डॉक्टरांचें व रोग्याचें नांव, औषध व त्याचें प्रमाण लिहून ती तीन वर्षें जपावी लागते. २०१४ पासून हा नियम आहे. तो कटकट समजूं नये. अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकांनीं जंतु निर्ढावतात, आणि मग तेंच औषध आपल्या मुलांस लागू पडत नाहीं.

पालकांसही एक विनंति. नांव भाड्यानें दिलेला मुलगा दोन वर्षांत शिकलेलें विसरतो. त्याच्या नांवावर दुसऱ्यानें काय दिलें, हें त्यास ठाऊक नसतें. पण औषध निरीक्षक आला कीं जबाब त्यालाच द्यावा लागतो. उलट, थोड्या पगारावर कां होईना, जो रोज उभा राहतो, त्याची विद्या वाढते. चार खेड्यांतील लोक त्याचें नांव घेऊन येऊं लागतात. गांवांत दुकान चालतें तें या विश्वासावर, आणि हें भांडवल कोणतीही पेढी कर्जाऊ देत नाहीं.

तेव्हां पदविका घ्यावी काय, या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे: गल्ल्यामागें स्वतः उभें राहण्याची तयारी असेल, तर अवश्य घ्यावी. नसेल, तर दुसरी अनेक चांगलीं कामें आहेत.