यंत्रमानव, मुले आणि गुरुजी
(उन्हाळी शिबिरात शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उन्हाळ्याच्या सुटीत चित्रकलेची, खेळांची अथवा विज्ञानाची शिबिरे भरविण्याची प्रथा जुनी आहे. अलीकडे तीत यंत्रमानवशास्त्राची, म्हणजे ज्यास सर्वत्र रोबोटिक्स म्हणतात त्या विषयाची, भर पडली आहे. २०१६ पासून देशात अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना सुरू झाली आणि इयत्ता सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती मोटारी, संवेदक व छोट्या संगणकपट्ट्या येऊ लागल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावीपासून संगणकास आज्ञा लिहिण्याच्या उपक्रमांचा उल्लेख आहे. हा विषय खेड्यातील शाळेच्या दारात येऊन उभा असता, जेथे शिक्षक व मुले दोघेही नवशिके आहेत अशा शिबिरात मदतनिसाने काय करावे व काय टाळावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे सक्तीचे काम. आपल्याकडील ‘वेठ’ हा शब्द त्यास फार जवळचा आहे. सांगितले तेवढे निमूटपणे करणारा वेठबिगार, असा त्याचा मूळ भाव. मुलांस हा अर्थ सांगितला की हात, पाय व डोळे असलेल्या पत्र्याच्या माणसाचे चित्र त्यांच्या मनातून जाते आणि आज्ञा व तिचे पालन हा खरा विषय समोर येतो.

यंत्रमानवाची कामे तीन : जाणणे, ठरविणे आणि करणे. प्रकाश, अडथळा वा अंतर जाणतो तो संवेदक. ठरवितो तो संगणक. हालचाल करते ती मोटार. ही त्रयी फार थोड्या साहित्यात उभी राहते. इंग्लंडात ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञाने १९४८-४९ च्या सुमारास ‘एल्मर’ व ‘एल्सी’ नावाची दोन यांत्रिक कासवे बनविली. प्रत्येकीत निर्वात नळ्या दोनच. एक संवेदक प्रकाशाचा, एक स्पर्शाचा. तरीही ती उजेडाचा मागोवा घेत आणि अडथळा लागताच बाजूस वळत. साधन थोडे असले म्हणजे शिक्षण थोडे होते, असे नाही.

कासवाचे हे रूप पुढे शाळेत आणले सेमूर पॅपर्ट यांनी. जीन पियाजे यांच्याजवळ जिनिव्हास काम करून ते अमेरिकेत गेले. १९६७ साली वॉली फॉयर्झाइग व सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनी ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. ‘इतके पुढे जा’, ‘इतके अंश उजवीकडे वळ’ अशा आज्ञा मिळाल्या की जमिनीवरचे यांत्रिक कासव चाले आणि त्याच्या पोटाखालची लेखणी कागदावर रेघ ओढी. पॅपर्ट यांचे म्हणणे असे की, यंत्राने मुलास शिकविण्याऐवजी मुलानेच यंत्रास शिकवावे; दुसऱ्यास शिकविताना स्वतःचा विचार स्वच्छ होतो. शिक्षकांस हे पटवून द्यावे लागत नाही.

म्हणून शिबिराचा पहिला दिवस यंत्राविना जावा. आपल्या प्रत्येक शाळेत कवायत आहे. ‘दहिने मुड’, ‘बाये मुड’ या आज्ञा मुलांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. पटांगणावर एका मुलाने यंत्रमानव व्हावे आणि दुसऱ्याने आज्ञा द्याव्या. ‘झाडापर्यंत जा’ ही आज्ञा चालणार नाही. किती पावले, कोणत्या दिशेस, हे सांगितलेच पाहिजे. मग चौरस चालावयास सांगावे : दहा पावले, उजवीकडे काटकोन, असे चार वेळा. मूळ जागी परतल्यावर मुलाचे तोंड पूर्वीच्याच दिशेस असते, म्हणजे एकूण ३६० अंश वळण झाले.

यानंतर समभुज त्रिकोण सांगावा. बहुतेक मुले, आणि पुष्कळदा शिक्षकही, ‘६० अंश वळ’ असे सांगतात, कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे पाठ असते. चालणारा मुलगा त्रिकोण न काढता षट्कोनाच्या वाटेस लागतो. आकृतीचा आतील कोन ६० अंशांचा असला, तरी चालणाऱ्यास वळावे लागते ते १२० अंशांतून. हा भेद फळ्यावर सांगून जितका ठसत नाही, तितका पायाने चालून ठसतो.

या प्रसंगीच शिबिराचे खरे मर्म हाती येते. वहीत चूक झाली की तांबडी रेघ पडते आणि प्रकरण मिटते. यंत्रमानवाच्या कामात चूक झाली की तेथून काम सुरू होते. दोष आज्ञेत आहे, जोडणीत आहे की विद्युत्घटात आहे, हे एकेक करून शोधावयाचे असते. ज्या मुलास गणितात नेहमी कमी गुण मिळाले, तेही येथे पुन्हा प्रयत्न करावयास कचरत नाही. कारण यंत्र रागावत नाही, आणि शेजारच्या गटाचेही पहिल्या खेपेस चाललेले नसते.

परंतु मुलास जे सुलभ, ते शिक्षकास अवघड जाते. वीस वर्षे वर्गापुढे उभे राहिलेल्या गुरुजींस ‘हे मला ठाऊक नाही’ असे मुलांसमोर म्हणणे जड वाटते. त्या संकोचापोटी काही जण मागच्या बाकावर बसतात आणि मदतनीस एकटाच शिकवू लागतो. शिबिर संपून मदतनीस गेला की विषयही त्याच्याबरोबर जातो. यास उपाय असा की, मुले येण्यापूर्वी दोन दिवस शिक्षकांचे स्वतंत्र काम व्हावे आणि तेथे त्यांस व्याख्यान न देता पेचकस द्यावा. मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल केली की चाक उलटे फिरते, हे ज्या हातांनी स्वतः अनुभवले, ते हात मुलांपुढे डगमगत नाहीत. सर्व उत्तरे येणे आवश्यक नाही. ‘चला, आपण शोधू’ असे म्हणण्याइतका विश्वास यावा, एवढे पुरे.

त्यानंतर रेषेमागून चालणारी गाडी हा मधला टप्पा घ्यावा. पांढऱ्या कागदावर काळी चिकटपट्टी लावून वाट आखावी. गाडीच्या पुढे दोन संवेदक रेषेच्या दोन बाजूंस असावेत. संवेदक अवरक्त किरण सोडतो. पांढरा पृष्ठभाग ते परत पाठवितो, काळा शोषून घेतो. डाव्या संवेदकास काळे लागले, तर गाडी उजवीकडे सरकली आहे. तेव्हा डावे चाक थांबवून उजवे चालू ठेवावे. उजव्यास लागले तर याच्या उलट. शाळेतील गणितही येथे कामास येते. चाकाचा व्यास ७ सेंटिमीटर असेल, तर एका फेऱ्यात गाडी सुमारे २२ सेंटिमीटर जाते. मुलांनी आधी गणित करावे, मग फूटपट्टीने मोजावे व फरक का पडला ते सांगावे.

उन्हाळ्यात काही विशेष काळजी घ्यावी लागते. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात. त्यामुळे ओसरीवर ऊन आले की सकाळी नीट चालणारी गाडी भरकटते. ती सावलीत न्यावी, पण कारण आधी मुलांस शोधू द्यावे. विद्युत्घट उतरू लागले की तीच आज्ञा दिली असता गाडी कमी अंतर जाते. मुले आज्ञेत दोष शोधत बसतात. दीड व्होल्टचे चार घट जोडल्यास सहा व्होल्ट होतात, हे मापकाने पाहण्याची सवय लावावी. घटाची दोन टोके तारेने थेट जोडू नयेत. लिथियमचे घट तर मोठ्या माणसाच्या देखरेखीवाचून मुलांस देऊच नयेत.

गट तिघाचौघांचे असावेत आणि कामे रोज बदलावीत. हा नियम कटाक्षाने पाळला नाही, तर एक धीट मुलगा पेचकस धरतो, मुली सुंदर अक्षरात नोंदी लिहितात आणि दबलेले मूल नुसते पाहत राहते. शिबिराच्या शेवटी गाडी चालली म्हणून सर्वांनी टाळ्या वाजविल्या, तरी त्या गटात शिकले एकच जण. गाडी चालली की नाही याहून प्रत्येकाच्या हातून ती चालली की नाही, हे पाहिले पाहिजे. मदतनिसानेही मुलाच्या हातातील वस्तू काढून घेऊ नये. स्वतः दोन मिनिटांत जुळविण्यापेक्षा मुलास वीस मिनिटे लागू देणे कठीण असते, पण शिकविणे ते हेच.

शेवटची गोष्ट कपाटाची. जूनमध्ये शाळा उघडते, साहित्याची पेटी शाळेत येते, तिची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत होते आणि त्या दिवसापासून पेटीस कुलूप लागते. मोटार जळाली, तार तुटली, तर जबाब कोणी द्यावा ही भीती खोटी नाही. यास्तव पेटी येतानाच लवकर खपणाऱ्या वस्तूंची वेगळी नोंद करावी आणि मोडलेल्या वस्तूंच्या निर्लेखनाची रीत मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख यांनी आरंभीच ठरवून द्यावी. मोडलेली मोटारही टाकू नये. ती उघडून आतील चुंबक व वेटोळे मुलांस दाखवावे.

आठवड्यातून एक तास, एक पेटी आणि मुलांबरोबर खाली बसावयास तयार असलेले एक गुरुजी अथवा बाई, एवढ्यावर हे काम वर्षभर चालू शकते. वेठीचे काम यंत्राकडे जावे आणि विचाराचे काम मुलाकडे राहावे, यासाठी कपाटाची किल्ली वर्गाच्या हाताशी असली पाहिजे.