आधी वायर बघा, मग कारागीर बोलवा



आपल्यातल्या काही गटांचा हिशेब आता वहीबरोबर कॉम्प्युटरवरही असतो. एका खोलीत हप्त्यांच्या नोंदी, दुसऱ्या खोलीत मालाची बिलं, आणि दोन्ही कॉम्प्युटर वायरीने एकाच राउटरला जोडलेले. नवरात्र तोंडावर येतं, कवड्यांच्या माळांची, हळदी-कुंकवाच्या पुड्यांची मागणी वाढते, आणि नेमका तेव्हाच एका कॉम्प्युटरला दुसरा दिसेनासा होतो. आपण म्हणतो, "राहू दे, पोरगा आला की बघंल." पोरगा असतो पुण्याला. सोलापूरहून कारागीर बोलवायचा तर येण्याजाण्याचा खर्च वेगळा, आणि तोवर बँकेचे कागद अडून बसतात.

म्हणून आज आपण हे काम आपल्याच हातांनी करायला शिकू. भीती नको. नेटच्या वायरीत घरच्या विजेसारखा जोराचा प्रवाह नसतो. हात मात्र कोरडे असू द्या.

आधी तक्रार नीट ओळखा. इंटरनेट बंद असणं वेगळं आणि दोन कॉम्प्युटर एकमेकांना न दिसणं वेगळं. बाहेरून येणारं नेट बंद असलं, तरी घरातले दोन कॉम्प्युटर आपसात चालू शकतात.

आता पहिली पायरी, दिवे. वायर जिथे खोचली आहे तिथे बहुतेक वेळा छोटा दिवा असतो. दोन्ही टोकांना तो लागला, तर वायरीतून जोडणी बहुधा झालेली आहे. दिवा विझलेला असेल, तर क्लिप काढा आणि 'कट्' असा आवाज येईपर्यंत परत दाबा. क्लिपचं कान तुटलं असेल, तर ती हळूहळू बाहेर सरकते.

तरी दिवा नाही? मग दुसऱ्या कॉम्प्युटरची चालू वायर इथे लावून बघा. दिवा लागला तर दोष वायरीत. नाही लागला तर राउटरची दुसरी खाच वापरून बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पापड चिरले म्हणून पीठ, पापडखार आणि पाणी एकदम बदललं, तर खोट कशात होती ते कळतं का? तसंच हे.

वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. उंदराने कुरतडली, दारात चेमटली, पलंगाच्या पायाखाली आली, की आतली एखादी तार तुटते. वरून वायर धडधाकट दिसते. नवी क्लिप बसवून घेतली, तर दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच आहे ना, ते बघा. आणि एक सलग वायर १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नका.

दिवे लागले, तरी काम होत नाही? राउटर बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करा. मग कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. आकडा १६९.२५४ ने सुरू झाला, तर समजा राउटरने या कॉम्प्युटरला पत्ता दिलेला नाही. पत्ता ठीक असेल, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये घरचं नेटवर्क 'पब्लिक' लावलेलं आहे का ते पाहा. तसं असेल तर कॉम्प्युटर इतरांपासून लपतो. घरात 'प्रायव्हेट' ठेवा.

मृगाआधी वळवाच्या विजा कडाडतात. तेव्हा विजेचा प्लग काढतोच आपण, नेटची वायरही काढा. फक्त वीज कडकडायला लागायच्या आधी काढा, डोक्यावर गडगडत असताना हात लावू नका.

एवढं करूनही जमलं नाही, तर कारागिराला खुशाल बोलवा. पण काय काय तपासलं ते वहीत लिहून ठेवा. "सगळंच बंद पडलंय" म्हणणाऱ्या बाईला नवं मशीन घ्यायला सांगणं सोपं असतं. "वायर बदलून पाहिली, दिवा लागतो, पत्ता मिळत नाही" असं म्हणणाऱ्या बाईला तसं सांगता येत नाही.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येकीने एकदा तरी क्लिप काढून परत लावायची. हिशेब आपला आहे, तर वायरही आपल्याला कळली पाहिजे.