निकालाची पाटी आणि नववीचा वर्ग

(पालक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



सन १९०४. तत्कालीन मद्रास इलाख्यातील कुंभकोणम् येथील टाऊन हायस्कूलचा पारितोषिक वितरण समारंभ. गणिताचे पारितोषिक एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला देताना मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर यांनी भर सभेत सांगितले, की या मुलाची योग्यता पैकीच्या पैकी गुणांहूनही अधिक आहे. तो विद्यार्थी म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

याच शाळेतले गणपती सुब्बियर नावाचे ज्येष्ठ गणित शिक्षक सुमारे १२०० विद्यार्थी आणि ३५ शिक्षक यांचा मेळ बसविण्याचे किचकट काम या मुलावर सोपवीत. उत्तरपत्रिका निम्म्या वेळात पुरी करून मोकळ्या होणाऱ्या मुलाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक शाळेपुढे येतो. बहुतेक ठिकाणी त्याला गप्प बसविले जाते. या शाळेने त्याला त्याच्या मापाचे काम दिले.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून रामानुजन त्याच गावातल्या सरकारी महाविद्यालयात गेले. गणितापलीकडे त्यांचे लक्ष लागेना, अन्य विषयांत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ साली ते घरी न सांगता विशाखापट्टणमला निघून गेले. नंतर मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातही तीच कथा घडली. मुलगा तोच, बुद्धी तीच. संस्था तेवढी बदलली.

प्रत्येक चाकोरीबाहेरचे मूल रामानुजन नसते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पालकांनी तशी स्वप्ने पाहू नयेत. त्या ओझ्याने मूल अधिक वाकते. पण रामानुजन नसलेल्या मुलालाही शाळा लागतेच. तोंडी सारे सांगणारा, पण लिहिताना अक्षरे उलटसुलट करणारा मुलगा. एकाच विषयात बुडून राहणारी मुलगी. मधल्या सुट्टीत एकटाच भिंतीशी उभा राहणारा. शिक्षकांना अडचणीचे प्रश्न विचारणारी – ही मुले आपल्याच घरांत, आपल्याच वाड्यांत आणि सोसायट्यांत आहेत. 'जरा हूड आहे, सुधारेल' असे म्हणत आजी-आजोबा पाचवी-सहावीपर्यंत सांभाळून घेतात. खरी कसोटी माध्यमिक शाळेत लागते.

याचे कारण साधे आहे. प्राथमिक शाळेत एकच वर्गशिक्षिका दिवसभर मुलाला पाहते, त्याच्या कलाने घेते. माध्यमिक शाळेत तासागणिक शिक्षक बदलतो. मराठीच्या सरांना तो आळशी वाटतो, विज्ञानाच्या बाईंना हुशार, तर चित्रकलेच्या सरांना तो आपला सर्वांत गुणी विद्यार्थी वाटतो. सात-आठ शिक्षकांनी पाहिलेले हे सात-आठ तुकडे जोडून पूर्ण मूल पाहण्याची सोय किती शाळांत आहे? शाळा निवडताना पालकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा. संगणक कक्ष किती मोठा आहे, हे नंतर पाहता येईल.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना संरक्षण दिले. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही. नववीत ते कवच संपते. आणि दहावीच्या शंभर टक्के निकालाची पाटी प्रवेशद्वारावर लावण्याची हौस असलेल्या शाळांत नेमकी नववीतच चाळणी लागते. मुलाला नापास केले जाते किंवा पालकांना बोलावून 'त्याच्या हिताचे म्हणून' सतरा नंबरचा अर्ज भरण्याचा सल्ला दिला जातो. मग दहावीला तो खासगी विद्यार्थी ठरतो आणि त्याचे अपयश शाळेच्या नावावर मांडले जात नाही. म्हणून निकालाच्या पाटीपुढे भारावून उभे न राहता मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारावे, की आठवीच्या तुकड्यांत किती मुले होती आणि त्यांतली किती याच शाळेतून दहावीला बसली? या प्रश्नावर मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

या सभागृहात शिक्षणसंस्थांचे काही पदाधिकारीही बसले आहेत. आपल्या विचारांच्या संस्था या रोगापासून सर्वस्वी मुक्त आहेत, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. संस्कारांची भाषा करायची आणि निकालाला बाधा येते म्हणून संघटनेतल्याच एखाद्या कार्यकर्त्याच्या मुलाला नववीत दार दाखवायचे, हे एकत्र नांदू शकत नाही.

वेगळेपण केवळ मागे पडण्याचेच असते असे नाही. कै. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ मध्ये प्रशाला सुरू केली, ती सामान्य वर्गात कंटाळणाऱ्या प्रज्ञावान मुलांचाही समाजाने विचार केला पाहिजे, या जाणिवेतून. तो प्रयोग आदरास पात्र आहे. परंतु नामांकित शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी चौथीतल्या पोराला शिकवणी लावणारे पालक त्या प्रयोगाचा हेतू समजले नाहीत, असेच म्हणावे लागेल.

ज्यांच्या मुलाला लेखन-वाचनाची अडचण आहे, त्यांनी लाज न बाळगता तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा समावेश आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या अधिकृत केंद्रांतून प्रमाणपत्र मिळते. त्या आधारे दहावीला वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात; मात्र त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. शाळा उदासीन असेल तर सवलत कागदावरच राहते. तेव्हा यापूर्वी असे किती प्रस्ताव पाठविले, हेही प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे. 'आमच्याकडे तशी मुलेच नाहीत' असे उत्तर आले, तर ती शाळा आपल्या मुलासाठी नव्हे.

कोणतीच शाळा जुळत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते आणि उत्तीर्ण झालेले विषय जमा राहतात. मात्र त्यात दिवसभर मूल घरी असते. त्याला सवंगडी, मैदान आणि नियमित दिनक्रम कोण देणार, याची व्यवस्था आधी करावी लागते. आई एकटीने हे पेलेल, असे परस्पर गृहीत धरू नये.

नवी शाळा ठरली, की मुलाला तेथे एकदा घेऊन जावे आणि परतताना त्याला काय वाटले ते विचारावे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पुष्कळ कळते. आणि जुन्या शाळेतून दाखला घेताना वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहिले आहे, ते कार्यालयाच्या खिडकीपाशीच वाचून घ्यावे. शेरा अन्यायाचा वाटला तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटावे. पुढच्या शाळेतल्या शिक्षकांची त्याच्याशी पहिली ओळख त्या कागदावरूनच होत असते.