निवेदनाच्या पुढचा कागद



हिरण्यकेशीकाठच्या या संकेश्वरात साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून उभे राहण्याचा मान तुम्ही मला दिलात. अध्यक्षाने साहित्यातल्या प्रवाहांचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज अशा लेखनाबद्दल बोलणार आहे, ज्याच्यासाठी कुठल्याच संमेलनात सत्र नसते. ते जमत नाही म्हणून आपल्या तरुणांची किती कामे सुरू होण्याआधीच बसतात! हे लेखन म्हणजे अनुदानासाठी करायचा अर्ज.

सीमाभागातल्या माणसाला कागद काळे करणे नवे नाही. राज्य पुनर्रचना झाली त्या १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण निवेदने लिहीत आलो. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाला दिली, मंत्र्यांना दिली, कलेक्टर कचेरीत दिली. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तीन पिढ्यांनी ही भाषा कमावली आणि तिचा मला अभिमान आहे. पण निवेदनात आपण काय सोसले आणि समोरच्याने काय करावे, हे सांगतो. अर्जात आपण स्वतः काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत आणि किती पैशांत, हे सांगावे लागते. आमची पोरे अर्ज लिहायला बसतात आणि हातून निवेदनच उतरते. दोन पाने अन्यायाची, आणि कामाबद्दल एकच ओळ: ‘मराठी भाषा व संस्कृतीच्या संवर्धनासाठी विविध उपक्रम राबविणे’. वाचणाऱ्याला त्यातून काय कळावे?

निपाणीजवळच्या एका गावातल्या मुलामुलींनी मला असाच मसुदा दाखवला. कल्पना मात्र सोन्यासारखी. तंबाखूच्या वखारीत उमेदीची वर्षे घालवलेल्या आज्ज्यांकडून त्यांच्या आठवणी ऐकायच्या, त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करायच्या आणि पुस्तक काढायचे. निपाणी म्हटले की १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन, शरद जोशी, महामार्गावरचा ठिय्या आणि तो गोळीबार आपल्याला आठवतो. वखारीतल्या बायकांचा लढा तितका आठवत नाही. १९८२ मध्ये ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने त्यांच्यावर ‘तंबाखू चाखिला ओब आली’ हा माहितीपट केला. तेव्हाच्या तरण्या बायका आता सत्तरी-ऐंशीला टेकल्या आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

आणि मसुद्यात यातले काही नव्हते! अंदाजपत्रकात उद्घाटनाचा मंडप, डिजिटल बोर्ड, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे जेवण यांवरच निम्मी रक्कम. ऐकलेले उतरवून काढण्यासाठी एक रुपयाही नाही. आम्ही ओसरीवर बसून हिशेब मांडला. वीस आज्ज्या, प्रत्येकीकडे दोन बैठका, बैठक तासाभराची. म्हणजे चाळीस तासांचे ध्वनिमुद्रण. एक तासाचे बोलणे शब्दन् शब्द कागदावर आणायला चार ते सहा तास जातात, बोली असेल तर जास्तच. म्हणजे कमीत कमी एकशे साठ तास कुणीतरी कानाला यंत्र लावून बसायला हवे. त्या मुलीला, मुलाला मेहनताना नको? वडापचे भाडे नको? ज्या आजीचे शब्द छापायचे तिची लेखी संमती नको? हे आकडे मांडता मांडता प्रकल्प त्या मुलांच्याच डोळ्यांपुढे उभा राहिला. मंडप आपोआप गळाला.

हिशेब मुलांना येत नाही असे मुळीच नाही. हीच पोरे गणपतीत पावतीपुस्तक फाडून वर्गणी गोळा करतात आणि विसर्जनानंतर पै-पैचा जमाखर्च फळ्यावर लावतात. तोच चोखपणा अर्जात आणायचा आहे.

कागदपत्रांची अडचण आपल्याकडे अंमळ जास्त, हे मान्य. मंडळाचा नोंदणी दाखला कानडीत, पॅन कार्ड इंग्रजीत आणि शिक्का मराठीत. एका ठिकाणी ‘तरुण मंडळ’, दुसऱ्या ठिकाणी ‘युवक संघ’, बँकेच्या पासबुकात तिसरेच काही. छाननी करणाऱ्याच्या लेखी त्या तीन वेगळ्या संस्था ठरतात. तेव्हा अर्जाच्या आधी सगळीकडचे नाव एक करून घ्या आणि कानडी दाखल्याला प्रमाणित भाषांतर जोडा. महाराष्ट्रातल्या संस्थेकडे बहुधा दोन दाखले असतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचा आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचा. आपल्याकडे कर्नाटकच्या १९६० च्या कायद्याचा एकच. तिकडच्या छापील नमुन्यात दुसऱ्या दाखल्याचा रकाना दिसला की पोरे हातपाय गाळतात. तो कोरा सोडू नका. कोणत्या कायद्याखाली नोंदणी आहे ते तिथे दोन वाक्यांत लिहा.

मंजुरीनंतरचेही बोलायला हवे. केंद्राच्या अनुदानात उपयोगिता प्रमाणपत्र वित्तीय वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यावे लागते. ते थकले की पुढची दारे बंद. म्हणून बिले पहिल्या दिवसापासून फाइलला लावा.

एकेकट्या तरुण लेखकांसाठीही वाटा आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते. २०२१ मध्ये सुरू झालेली पंतप्रधानांची युवा लेखक योजना नॅशनल बुक ट्रस्टमार्फत चालते. वय तिशीच्या आत, निवड झाली तर सहा महिने दरमहा ५० हजार रुपये. २०२२ च्या फेरीत प्रस्तावच १० हजार शब्दांचा मागवला होता, त्यात गोषवारा, प्रकरणांचा आराखडा आणि नमुन्याची प्रकरणे. तिथे तुम्ही कुठल्या राज्यात राहता याला महत्त्व नाही. मराठीत लिहिता येते. सीमाभागातल्या मुलाला याहून मोकळे मैदान कुठे मिळणार?

माझ्या दोन मागण्या आहेत. कडोलीपासून कारदग्यापर्यंत आपल्याकडे गावोगाव संमेलने भरतात. त्या प्रत्येकात कविसंमेलनाइतकाच वेळ अर्जलेखनाला मिळावा आणि तिथे आपल्यातल्या लिहित्या माणसांनी पोरांबरोबर पेन घेऊन बसावे. नेमके विशेषण निवडणारा, फापटपसारा छाटणारा माणूस इथे नाही तर कुठे उपयोगी पडणार? दुसरी मागणी महाराष्ट्र शासनाकडे. अनुदानाच्या नमुन्यांत कर्नाटकात नोंदलेल्या मराठी संस्थांसाठी स्वतंत्र रकाना छापावा. हे एक पान बदलायला ना आयोग लागतो ना न्यायालय.

आज दुपारच्या परिसंवादानंतर मी याच सभागृहाच्या मागच्या खोलीत थांबणार आहे. तालुक्यातले एक निवृत्त लेखापरीक्षकही येणार आहेत. ज्या मंडळांकडे अर्धवट अर्ज पडून असतील त्यांनी ते घेऊन यावे; नोंदणीचा दाखला, पासबुक आणि मागच्या वर्षीचा जमाखर्च बरोबर असू द्या.