खुर्चीभोवतीची मोकळी जागा
कोल्हापुरातल्या जुन्या घरांच्या सोप्यात पाहुणे आले की लोकरीचं जेन किंवा घोंगडं अंथरलं जाई. बैठक उठली की ते गुंडाळून ठेवत आणि सोपा पुन्हा मोकळा होई. खुर्ची मात्र आहे तिथेच राहते, म्हणून तिच्याभोवतीची मांडणी विचारपूर्वकच करावी लागते.

आधी वाट. ये-जा करायला खुर्चीजवळून सुमारे 75 ते 90 सेंटिमीटर जागा रिकामी हवी. जेवणाच्या टेबलाची खुर्ची मागे सरकवायलाही साधारण तेवढीच लागते. शेजारी एकच छोटं टेबल पुरतं. ते खुर्चीच्या हाताइतकं उंच असलं की चहाचा कप न वाकता ठेवता येतो. वाचायचा दिवा भिंतीवर लावला तर जमीन अडत नाही. सतरंजी खुर्चीचे पुढचे पाय तिच्यावर टेकतील एवढी मोठी घ्यावी. लहान तुकडा पायाखाली सरकतो आणि वयस्क माणसं त्यावरून पडू शकतात, हे विसरता कामा नये.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते. तेव्हा लाकडी आणि वेताच्या खुर्च्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढाव्यात. मागून वारा खेळता राहतो, बुरशी लवकर धरत नाही. एरवी खुर्चीवर टाकल्या जाणाऱ्या टॉवेल-शर्टांसाठी दाराजवळ खुंट्या ठोकल्या की खुर्चीची पाठ बसणाऱ्यासाठी मोकळी राहते.