निळ्या ‘ई’मधली मराठी

मी रायपूरहून बोलतोय. आमच्याकडे तात्यापारा नावाची वस्ती आहे, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, आणि नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथं राहिलेली मराठी घरं आहेत. त्यामुळे आमची मराठी नागपुरी वळणाची, त्यात हिंदीची फोडणी. सांभाळून घ्या.

माझं एक छोटं दुकान आहे. आधी सायबर कॅफे होता, आता लोक त्याला चॉईस सेंटर म्हणतात. दाखले, अर्ज, रेल्वेचं तिकीट, निविदा, जे येईल ते. वीस-एकवीस वर्षं मी लोकांच्या आणि कॉम्प्युटरच्या मधे बसलोय. तिथून जे दिसलं तेवढंच सांगतो.

तुमच्यापैकी ज्यांनी २००० च्या आसपास इंटरनेट पाहिलं, त्यांना पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ दिसायची ती आठवेल. ‘ही साइट इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, ८०० बाय ६०० वर उत्तम दिसते.’ ती ओळ वाचून कुणी थांबायचं नाही. सगळ्यांकडे तोच तर होता, निळा ‘ई’. विंडोजबरोबर फुकट यायचा. खूप जणांना तो ब्राउझर आहे हेही ठाऊक नव्हतं, त्यांच्यासाठी निळा ई म्हणजेच इंटरनेट.

माझ्या कॅफेत एक काका रोज सकाळी यायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले. मराठी पेपर नागपूरहून यायचा, पण कधी उशिरा, कधी येतच नाही. मुंबई-पुण्याचे पेपर तर विसराच. काकांनी शोधून काढलं की ते इंटरनेटवर वाचता येतात. तीन नंबरचा कॉम्प्युटर त्यांचा. अर्धा तास, दहा रुपये. वाचून झालं की मोठ्यानं बातमी सांगायचे, कॅफेतल्या पोरांना समजो न समजो.

नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. मी तेव्हा उत्साही होतो. निळ्या ईमधून व्हायरस येऊन माझी मशीनं दर आठवड्याला बसायची, म्हणून सगळ्या कॉम्प्युटरवर मी फायरफॉक्स टाकला आणि ईचं चिन्ह डेस्कटॉपवरून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी काका तीन नंबरवर बसले आणि मला हाक मारली, “अरे, हे काय करून ठेवलंस? माझी मराठी गेली!”

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं, मधेच फ्रेंच टोप्या घातलेले ओ आणि यू. मराठीचं एक अक्षर नाही.

का झालं असेल? तेव्हाच्या बहुतेक मराठी पेपरांच्या पानात मराठी नव्हतीच. म्हणजे आत जे साठवलेलं होतं ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे होते. फॉन्ट असा बनवलेला, की अमुक इंग्रजी अक्षराच्या जागी ‘क’चं चित्र, तमुक चिन्हाच्या जागी काना. पेपरागणिक फॉन्ट वेगळा, एकाचा क दुसऱ्याचा म. वाचकाच्या मशीनवर तो फॉन्ट नसला तर सगळा घोळ. त्यावर मायक्रोसॉफ्टनं १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर एक सोय दिली होती, पानाबरोबर फॉन्टही खाली उतरवून घ्यायची. नेटस्केपकडे त्याच कामाची दुसरी पद्धत होती, ती त्याच्याबरोबर मागे पडली. मायक्रोसॉफ्टची पद्धत फक्त मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरला कळायची. म्हणून मराठी निळ्या ईमध्ये दिसायची आणि फायरफॉक्समध्ये तिची टोप्यावाली भुतं व्हायची.

पेपरनं ‘फॉन्ट डाउनलोड करा’ अशी एक लिंक ठेवली होती. मी तो फॉन्ट बसवला. काही अक्षरं आली, काहींच्या जागी चौकोन. शेवटी हार मानली, तीन नंबरवर ई परत आणला आणि मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली: ‘मराठी वाचायची असेल तर निळा ई.’ ती चिठ्ठी पुढे किती वर्षं होती म्हणता!

खरा मार्ग तेव्हाही होता. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा आकडा आहे, तो जगात कुठेही क च राहतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून त्यात आहे. पण विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिचकी मारावी लागे, आणि मग तो एक्सपीची सीडी मागे. आता सांगा, कॅफेवाल्याकडे अस्सल सीडी कुठून येणार? (हे रेकॉर्ड होतंय ना? असो.) आणि फायरफॉक्स २ मध्ये युनिकोड मराठीचा परिच्छेद दोन्ही बाजूंनी सरळ रेषेत बसवला, की जोडाक्षरं आणि वेलांट्या सुट्या व्हायच्या. २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा ते सुधारलं. म्हणजे दोष एकट्या निळ्या ईच्या माथी मारून चालणार नाही.

इथपर्यंत गंमत होती. पेपर नाही दिसला तर दिवस खराब जातो, पोट नाही मारलं जात. पुढचं सांगतो ते वेगळं.

सरकारी निविदा ऑनलाइन झाल्या. ठेकेदाराकडे पेनड्राइव्हसारखा एक टोकन असतो, त्यात त्याची डिजिटल सही. वेबसाइटला त्या टोकनपर्यंत पोचायला ब्राउझरबाहेरचा मदतनीस लागायचा, कुठे अॅक्टिव्हएक्स, कुठे जावा. अॅक्टिव्हएक्स फक्त निळ्या ईमध्ये. जावा सगळीकडे चालायचं, पण ब्राउझर बनवणाऱ्यांना ते धोक्याचं वाटू लागलं, आणि तो धोका खरा होता. क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये असे मदतनीस कायमचे बंद केले. फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये. हे काही गुपचूप झालं नाही, आधी सांगून झालं. पण पोर्टल बनवणाऱ्यांनी ते वाचलं नाही, आणि खरं बोलायचं तर मीही नाही.

माझ्याकडे एक विजेची कामं घेणारे भैया यायचे. छोटे ठेकेदार, चार माणसं हाताखाली. त्या वर्षी दिवाळीच्या आधी एक काम निघालं होतं. निविदा भरायची मुदत दुपारी तीनची. कागद तयार, अनामत भरलेली. सकाळी अकराला आम्ही बसलो. सहीच्या पानावर आलो तर सहीच्या जागी राखाडी चौकोन. चूक नाही, सूचना नाही, नुसता चौकोन. आदल्या आठवड्यात याच कॉम्प्युटरवर सही झाली होती. मधल्या काळात ब्राउझर रात्री आपला आपण नवा झाला होता, हे मला कळायला दोन वाजले. मग निळा ई उघडला, त्याला जावाची जुनी आवृत्ती हवी होती. ती उतरवायला घेतली आणि आमच्या गल्लीतली लाइन गेली. विजेच्या ठेकेदाराच्या निविदेच्या वेळी वीज गेली, यावर नंतर लोक हसले. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तीन वाजून चार मिनिटांनी पोर्टलनं सांगितलं, मुदत संपली.

हेल्पलाइनवाल्यानं विचारलं, “कोणता ब्राउझर वापरला?” मी सांगितलं. तो म्हणाला, “वो तो सपोर्टेड नहीं है।” पोर्टलवर हे कुठं लिहिलंय विचारलं, तर मदतीच्या पुस्तिकेत आहे म्हणाला, पीडीएफमध्ये. आणि सरकारी संकेतस्थळं वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये तपासून घ्यावीत, अशा सूचना एनआयसीनं २००९ मध्येच काढलेल्या आहेत. मी त्या नंतर वाचल्या.

भैया मला काही बोलले नाहीत. पैसे विचारले, मी घेतले नाहीत. नंतर ते दुसऱ्या दुकानात जायला लागले. मला ते अजून लागतं, कारण तो कॉम्प्युटर माझा होता.

त्यानंतर मी एक म्हातारा कॉम्प्युटर बाजूला ठेवला. विंडोज ७, निळा ई, जुनं जावा, अपडेट सगळे बंद. डिजिटल सहीचं काम त्याच्यावरच. आणि हीच त्यातली मेख आहे. ज्या मशीनवर लोकांच्या सह्या व्हायच्या आणि अनामत भरली जायची, तीच दुकानातली सगळ्यात असुरक्षित मशीन. मला कळत होतं, पण पर्याय नव्हता.

आपणच मागासलेले आहोत असं समजू नका. दक्षिण कोरियाचं इंटरनेट जगातल्या वेगवान इंटरनेटांपैकी, तिथं हाच प्रकार देशभर होता. १९९० च्या दशकात अमेरिका मजबूत गुप्तलेखन बाहेर देत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःचं केलं आणि ते अॅक्टिव्हएक्समधून बसवलं. मग बँक, खरेदी, सगळं निळ्या ईला बांधलं गेलं. २०१४ मध्ये एका कोरियन मालिकेतल्या नायिकेचा कोट चीनच्या बायकांना हवा होता आणि कोरियन दुकानांतून तो विकत घेता येईना. ही गोष्ट थेट त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी बैठकीत काढली. तरी त्या प्रमाणपत्राची सक्तीची व्यवस्था कायद्यानं जायला डिसेंबर २०२० उजाडला.

१५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर बंद केला. नव्या एज ब्राउझरमध्ये मात्र जुन्या साइटसाठी ‘आयई मोड’ ठेवलाय, किमान २०२९ पर्यंत. निळा ई गेला, त्याचं भूत अंगणात आहे. आणि आता नव्या साइटवर लिहिलेलं असतं, ‘क्रोम वापरा’. पोरं चाचणी क्रोममध्येच करतात, सगळ्यांकडे तोच तर आहे. हे वाक्य मी आधी ऐकलंय. त्यातही विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून येत नाहीत. ज्याचा कॉम्प्युटर जुना, तो बाहेर.

कधी कधी साइट ब्राउझरचं नाव विचारून दारातूनच परत पाठवते. अशा वेळी मी ब्राउझरला खोटं नाव सांगायला लावतो आणि साइट मुकाट चालते. म्हणजे अडचण नव्हतीच, नुसता पहारेकरी होता. तशी सगळे ब्राउझर ही बहुरूप्याची सोंगं काढतातच. क्रोम स्वतःची ओळख देताना आधी ‘मोझिला’ म्हणतो. ते नेटस्केपचं टोपणनाव, इंटरनेट एक्सप्लोररनंही ते लावलं होतं, दारात अडवू नये म्हणून.

आता काकांकडे परत येतो. काका गेल्या वर्षी गेले. काकू दुकानात आल्या, हातात सीडी. काकांनी २००३ ते २००६ मध्ये तीन नंबरवरून वाचलेली पानं सेव्ह करून ठेवली होती. त्यात पेपरच्या इंटरनेट आवृत्तीत आलेले त्यांचे स्वतःचे लेखही होते, रायपूरच्या जुन्या मराठी घरांवरचे. वर्षश्राद्धाला त्यांची पुस्तिका काढायची म्हणाल्या. मी सीडी उघडली. टोप्यावाली भुतं. पेपरची साइट मधल्या काळात दोनदा बदलली, फॉन्ट तिथून गेला, आणि ती पानं वाचणारा ब्राउझरही गेला.

पण अक्षरांची जागा तर कुठे पळत नाही. त्याच पेपरचा एक छापील अंक मिळाला, त्यातली बातमी सीडीवरच्या पानाशी ताडून मी तक्ता बनवायला घेतला, कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर. नुसत्या अदलाबदलीनं भागत नाही. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार तिथं अक्षराच्या नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. ‘कार्तिक’ लिहायला गेलो तर मधली ‘र्ति’ दोन्हीकडून फसते. आणि ‘ऱ्या’ वेगळाच, ‘दुसऱ्या’ आणि ‘सूर्याचा’ यांत फरक करावा लागतो.

एकूण एकोणीस लेख. चौदा झालेत. दुकान बंद केल्यावर रात्री एक तास बसतो. काल तात्यापाऱ्यातल्या एका वाड्यावरचा लेख उलगडला, त्यात शेवटी काकांनी लिहिलंय की हा लेख आपण एका कॅफेतल्या पोराकडून टाइप करून घेतला आणि त्यानं पैसे घेतले नाहीत. मला ते आठवतही नव्हतं. पाच राहिलेत. वर्षश्राद्धाला अजून सात आठवडे आहेत.