परदेशी शिकणाऱ्या मुलांची शिदोरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलण्याचा मान मंडळाने मला दिला, याबद्दल मी आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण विषय अन्नाचा आहे आणि चुलीपुढे माझी पंचवीस वर्षे गेली आहेत. तेव्हा काही कमीजास्त झाले तर आपण सांभाळून घ्याल, असा भरवसा आहे.

पूर्वी आपल्या खामगावचे मूल शिकायला गेले तर अकोल्याला, अमरावतीला, फार तर नागपूरला जाई. सकाळी एस.टी.त ठेवलेला डबा दुपारपर्यंत त्याच्या हाती पडे. आता मुले जर्मनीला, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला जातात. फी किती, विमानाचे भाडे किती, बँकेचे कर्ज किती, याचा हिशेब घरातली पुरुषमाणसे रात्र रात्र बसून करतात. पण तिथे गेल्यावर ते पोर रोज दोन वेळा काय खाणार, हा हिशेब बहुधा कोणीच करीत नाही. तो आपण बायकांनी करायला हवा, एवढेच मला सांगायचे आहे.

ही अडचण आजची नाही. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने पाण्यावर! वय अवघे अठरा. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी सर्वांसमोर सांगितले होते. त्यामुळे मांसाहार नाही, आणि होईल तेवढे आपल्या हातचे खायचे, हा नेम त्यांनी धरला. बोटीवरच्या जेवणात त्यांना चालण्यासारखे फारच थोडे असे.

पुढे न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्या राहिल्या. त्या बाईंनी परक्या देशातल्या या मुलीला पोटच्या लेकीसारखे जपले. आनंदीबाईंनीही आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून त्यांच्या मैत्रिणींना जेवू घातले. त्या घरात होत्या तोवर ठीक होते. पण फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजात गेल्यावर एकटीची खोली, दिवसभर अभ्यास आणि वर हाताने रांधणे. खोलीतल्या शेगडीचा धूर नीट बाहेर जात नसे. पेटवावी तर डोळे चुरचुरणार, न पेटवावी तर थंडीने गारठणार. भगिनींनो, धुरात स्वयंपाक करणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगायला नको. पण आपल्याला तेव्हा सोबत सासू होती, जाऊ होती. तिला कोणी नव्हते.

त्या ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. त्या वर्षाच्या अखेरीस परत आल्या त्या क्षयाने पोखरूनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. अन्नाच्या हालांमुळेच त्या गेल्या असे मी म्हणणार नाही. क्षय हा जंतूंचा रोग आहे. पण अशक्त शरीराला तो लवकर गाठतो, हे आज दवाखान्यातले डॉक्टर आपल्यालाही सांगतात. म्हणूनच तर सरकार क्षयाच्या रोग्याला गोळ्यांबरोबर सकस आहारासाठी दरमहा पैसे देते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. पहिल्या वसतिगृहातले जेवण त्यांना मानवेना, म्हणून त्यांनी जागा बदलली. पुढे १९२० साली लंडनला गेले तेव्हा हाल याहून मोठे. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात ते सारे आले आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि पेलाभर काही गरम, एवढ्यावर ते ग्रंथालयात जाऊन बसत. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत. रात्री उशिरापर्यंत वाचताना भूक असह्य झाली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड भाजून खात. भगिनींनो, उन्हाळ्यात आपण अंगणात बसून पापड लाटतो तेव्हा जेवणातले तोंडीलावणे म्हणून लाटतो. त्याच पापडाने लंडनमध्ये एवढ्या मोठ्या विद्वानाची रात्र निभावून नेली! यंदा पापड लाटताना ही गोष्ट आपल्या मुलींना अवश्य सांगा.

आता आजचे सांगते. माझा भाचा, माझ्या भावाचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी जर्मनीतल्या केम्निट्झ या गावी इंजिनिअरिंगचे पुढचे शिक्षण घ्यायला गेला. खामगावच्या जवळच्या खेड्यातला, सोयाबीन आणि कपाशीवर चालणारे घर. मुलगा हुशार; पण घरात तीन बहिणी, त्यामुळे चहासुद्धा त्याने कधी केला नव्हता. निघताना आईने लाडूंचा डबा दिला, डोळे पुसले आणि पाठवला.

रोज रात्री फोन येई. आई विचारी, “जेवलास का बाबा?” तो म्हणे, “हो, जेवलो.” झाले. आईचे समाधान. पण त्याचे जेवण म्हणजे दिवसातून एकदा पाव आणि चहा. कर्जाचा आकडा डोळ्यांपुढे असल्यामुळे तो पैसे वाचवीत होता. स्वयंपाक येत नव्हता आणि विकतचे परवडत नव्हते. ऐन डिसेंबरच्या थंडीत, सुटीच्या दिवसात एका गोदामात काम करताना घेरी येऊन पडला. ही गोष्ट आईबापांना त्याने सांगितलीच नाही. त्याच्या खोलीशेजारी राहणाऱ्या नांदेडच्या मुलाने त्याच्याच फोनवरून मला कळवली. मी फोनवर त्याला एवढेच विचारले, “काय जेवलास ते सांग.” तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, “आत्या, मले भाकर करायले शिकव व.”

त्या दिवसापासून आमची फोनवरची शाळा सुरू झाली. पहिला धडा वरण-भाताचा. तिथे फोडणी दिली की छताला लावलेले यंत्र धूर ओळखून ओरडू लागे आणि सारी इमारत जागी होई! मग तेल बेताने तापव, मोहरी टाकताच झाकण ठेव, खिडकी उघड, असे शिकवावे लागले. भाकरी काही लवकर जमली नाही. पण पिठले, मुगाची खिचडी, मसुराचे वरण आणि पोळ्या महिनाभरात येऊ लागल्या.

आणि हाताला स्वयंपाक आल्यावर त्याचे डोळेही उघडले. तोवर परक्या दुकानात त्याला आपले काहीच दिसत नव्हते. आता रोज काहीतरी सापडू लागले. तिथे तुर्की लोकांची दुकाने असतात. त्यांत हिरवी मिरची, कोथिंबीर, हरभरे, चण्याचे पीठ मिळते. आपला नवलकोल तर तिथे घरोघर खातात. रवा मिळतो, मसूर मिळते. क्वार्क म्हणून दह्याचा एक घट्ट प्रकार असतो, अगदी आपल्या चक्क्यासारखा. त्यात साखर आणि वेलची घोटून त्याने पाडव्याला श्रीखंड केले. तिकडची राईच्या पिठाची काळी, आंबूस पावरोटी त्याला आधी घशाखाली उतरत नव्हती. एक दिवस तिच्यावर ठेचा लावून खाल्ली, तेव्हापासून ती आवडू लागली. रविवारी तिथे दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी बाजार करायचा, हेही अंगवळणी पडले.

आमच्या घरात माळ आहे, त्यामुळे काय चालते आणि काय नाही हा प्रश्न होताच. कॉलेजच्या खानावळीत कोणत्या पदार्थात डुकराचे मांस आहे, कोणता शाकाहारी आहे, हे पाटीवर लिहिलेले असते. पण चिकट गोळ्या-मिठायांत जनावरांपासून काढलेले जिलेटिन असू शकते. ते पाकिटावर वाचावे लागते. ज्याला जे पाळायचे आहे त्याने ते जरूर पाळावे. मात्र पाळणे म्हणजे उपाशी राहणे नव्हे. पाळायचे असेल तर रांधता आलेच पाहिजे.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नांदेडचा तो मुलगा, एक तेलंगणाचा, एक सीरिया देशातला आणि आमचा भाचा अशा चौघांनी मिळून स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या. खर्च वाटला गेला आणि रोज एकालाच रांधावे लागू लागले. तेलंगणाच्या मुलाने चिंचेचे सार शिकवले, सीरियाच्या मुलाने मसुराचे लिंबू पिळलेले सूप. आमच्याने एका रविवारी आपले रोडगे केले. गोवऱ्या कुठल्या? विजेच्या भट्टीतच भाजले, आणि वरण व वांग्याची भाजी. वर्गातली दोन जर्मन मुलेही जेवायला आली होती. “आत्या, धुराचा वास नव्हता, पण रोडगे सगळे संपले,” असे सांगताना त्याच्या आवाजातला आनंद मला इथे ऐकू येत होता. एकट्याने जेवणारे पोर कमी जेवते. चौघांत बसले की चार घास जास्त जातात. हे तर आपण घरीही पाहतो.

परक्या अन्नाला कोणी नाके मुरडू नयेत. आपला ठेचा ज्या मिरचीचा होतो ती मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांच्या हातून ती इकडे आली. आपला भुईमूगही तिकडचाच. आज त्यांच्यावाचून आपले पान हलत नाही. उलट आपली ज्वारी-बाजरी आपणच गरिबाचे अन्न म्हणून मागे सारली होती, तर भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले.

आता शिदोरीविषयी. ज्यांची मुले युरोपात जाणार आहेत त्यांनी लक्षात ठेवावे, की तिथे बाहेरच्या देशातून सामानात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. म्हणून तूप, पेढे, खव्याच्या वड्या बांधू नका. त्या विमानतळावरच टाकून द्याव्या लागतील. ऑस्ट्रेलियाला जाताना तर बरोबरचा खाण्याचा प्रत्येक पदार्थ कागदावर लिहून द्यावा लागतो. काळा मसाला, जवसाची चटणी, मेतकूट, पापड, कुरडया, सांडगे असे कोरडे पदार्थ द्यावेत, नीट बंद करून आणि वर नाव लिहून. लहान कुकर आणि एक तवा द्यावा. पण हे सारे महिना-दोन महिन्यांत संपते. हाताला आलेला स्वयंपाक संपत नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यात आपण मंडळात दहा दिवसांचा स्वयंपाकाचा वर्ग भरवावा, मुलींचा आणि मुलांचा एकत्र. रोज एक पदार्थ: भात, वरण, खिचडी, पिठले, पोळी, भाकरी, उसळ, पालेभाजी, पोहे आणि ठेचा. बस, एवढेच. शिधा आपण घरोघरून वाटीवाटीने गोळा करू. शिकवायला मी तयार आहे. पोट्ट्याने चुलीपुढे बसायचे का, असे कोणी विचारील. त्याला बाबासाहेबांच्या पापडांची गोष्ट सांगावी.

आणि ज्यांची मुले आजच दूर आहेत त्या भगिनींना एकच विनंती. आज रात्री फोन येईल तेव्हा “जेवलास का?” असे विचारू नका. “काय जेवलास?” असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.